चाकाचे वय

जुन्या मोटारीच्या मालकापुढे जे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात, त्यांत चाकांचा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. इंजिन उघडावे की नाही, कुजलेला पत्रा कुठपर्यंत कापावा, गाद्यांना कोणते कापड लावावे, यांवर महिनोन्‌महिने खल होतो; चाकांच्या बाबतीत मात्र रंग उडाला असेल तर रंगवून घ्यावीत आणि फारच विटली असतील तर दुसरी बसवावीत, एवढ्यावर बोलणे संपते, आणि तेवढा निर्णयही बहुधा गाडी रंगून तयार झाल्यावर, उरलेल्या पैशांच्या हिशेबाने, घाईत घेतला जातो. वास्तविक चाक हा मोटारीचा असा अवयव आहे की ज्याचे वय दोन निरनिराळ्या गतींनी वाढत असते. एक वय पृष्ठभागाचे असते. ते उडालेल्या रंगात, गेलेल्या चकाकीत, फूटपाथच्या कडेला घासून पडलेल्या ओरखड्यांत दिसते. दुसरे वय धातूच्या आतले असते. ते चाकाने घेतलेल्या फेऱ्यांनी आणि सोसलेल्या धक्क्यांनी वाढते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा बहुधा पत्ता नसतो. या दोन वयांचे नाते इतके सैल आहे की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारा माणूस हमखास फसतो, आणि गॅरेजमध्ये घडते ते नेमके हेच: कुरूप पण धडधाकट चाके भंगारात जातात आणि देखणी पण थकलेली चाके नव्या रंगाखाली आणखी देखणी होऊन पुन्हा रस्त्यावर येतात.

हा प्रश्न नीट पाहण्यासाठी मुंबईत घडलेल्या आणि मुंबईतच म्हातारी झालेल्या एका गाडीचे उदाहरण सोयीचे ठरते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली, आणि पुढे, १९७० च्या दशकात, तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर इतकी रुळली की ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ती टॅक्सी म्हणून कायमची निवृत्त झाली तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र अजून आहेत. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, मुंबईच्या जुन्या चाळींच्या आवारांत त्या ताडपत्रीखाली किंवा चालत्या अवस्थेत आढळतात, आणि त्यांच्या मालकांना आज ना उद्या चाकांचा प्रश्न सोडवावाच लागतो.

बोलीभाषेत चाक म्हणताना टायरसकट सगळे एकत्र धरले जाते, पण येथे ज्याचा विचार करायचा तो टायरच्या आतला धातूचा भाग आहे. त्याचेही दोन अवयव असतात. ज्या गोल कडीवर टायर बसतो ती रिम, आणि रिमला मधोमध जोडलेली, नटांसाठी भोके असलेली, फुगीर तबकडी म्हणजे डिस्क. गॅरेजमध्ये मात्र या दोहोंना मिळूनच डिस्क म्हणण्याची पद्धत आहे. पद्मिनीची डिस्क पोलादी पत्र्याची असते: तबकडी मोठ्या दाबयंत्राखाली ठोकून आकाराला आणलेली, रिम पट्टी वळवून केलेली, आणि दोन्ही वेल्डिंगने एकजीव केलेली. तिच्यावर बसणाऱ्या मूळ टायरचे माप ५.२०-१४ असे लिहिले जाई. त्यातला पहिला आकडा टायरची इंचांतली रुंदी आणि दुसरा रिमचा इंचांतला व्यास सांगतो. ट्यूब घातलेल्या अशा टायरसह चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला चाक सव्वापाचशेच्या आसपास फेरे घेते आणि एक लाख किलोमीटरांत हा आकडा सव्वापाच कोटींच्या घरात जातो. प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा प्रत्येक बिंदू एकदा भाराखाली येतो आणि एकदा सुटतो. वळणावर त्यात बाजूने वाकवणाऱ्या ताणाची भर पडते आणि खड्ड्यात आघाताची. चाकाचे आतले वय कॅलेंडरापेक्षा या कोट्यवधी फेऱ्यांवर मोजावे लागते.

एखादी वस्तू ज्या भाराने एका झटक्यात कधीच मोडणार नाही, त्याहून कितीतरी कमी भाराने, तो पुन्हा पुन्हा आला तर, मोडते, या गोष्टीचा पहिला पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियातील अभियंता औगुस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर केला. धावत्या गाडीचे आस कोणतीही पूर्वसूचना न देता तुटत, आणि तुटण्याच्या क्षणी त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार असे असेही नव्हते. या प्रकाराला धातूचा थकवा म्हणतात. एखाद्या सूक्ष्म दोषापाशी, खाचेपाशी किंवा वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर सुरू होते, दर फेऱ्यागणिक अणुरेणूने पुढे सरकते, आणि उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडला की उरलेले सारे एका क्षणात उरकते. पोलादाचा गुण असा की ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ अमर्याद फेरे सोसू शकते, आणि चाकांची आखणी करणारे या मर्यादेच्या बरेच खाली राहण्याची काळजी घेतात. पन्नास वर्षांची पोलादी डिस्क आजही निर्धास्त वापरता येते ती याच गुणामुळे. पण या गुणाला एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे गंज नसणे. गंजाने पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडले की प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, आणि दमट, खाऱ्या हवेत पोलादाची ती सुरक्षित मर्यादाच नाहीशी होते. म्हणून गिरगाव किंवा रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या हवेत उभी राहिलेली कमी चाललेली गाडी आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत भरपूर चाललेली गाडी यांत चाके कोणाची बरी, याचे उत्तर किलोमीटरच्या काट्यावरून देता येत नाही.

अर्थात सगळा गंज सारखा नसतो. डिस्कच्या दर्शनी तोंडावर, व्हीलकॅपच्या कडेला, रंग फुगून आलेला तांबूस गंज दिसायला ओंगळ असला तरी बहुतेक वेळा वरवरचा असतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासला की खाली सपाट, निरोगी पोलाद लागते. काळजी करण्यासारखा गंज टायर उतरवल्याशिवाय दिसत नाही. टायरची कड जिथे रिमवर घट्ट बसते त्या पट्ट्यावर, रिमच्या मधल्या खोलगट भागात जिथे ट्यूबच्या आणि रिमच्या मध्ये शिरलेले पाणी वर्षानुवर्षे कोंडून राहते तिथे, रिम आणि तबकडी यांच्या जोडाच्या फटीत, आणि गाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून असलेल्या, धुणाऱ्याचा हात कधीच न पोचणाऱ्या भागावर तो असतो. तिथे वाळूच्या फवाऱ्याने, म्हणजे सँडब्लास्टिंगने, धातू उघडा केल्यानंतर खड्ड्यांत नख अडकत असेल, पत्रा मूळ जाडीपेक्षा जाणवण्याइतका पातळ झाला असेल, किंवा जोडाच्या वेल्डिंगलगत काळी रेघ दिसत असेल, तर त्या डिस्कबाबत विचार करण्यासारखे काही उरत नाही. सँडब्लास्टिंगचा खरा उपयोग रंग धरण्यापेक्षा हे सत्य उघडे करण्यासाठी आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. आणि म्हणूनच जो कारागीर डिस्क ब्लास्ट झाल्यावर, प्रायमर मारण्याआधी, मालकाला बोलावून उघडा धातू दाखवतो त्याच्या कामावर विश्वास ठेवावा. उलट खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वॉटर पेपरने गुळगुळीत करून, वर चकचकीत थर देणारा कारागीर कितीही हातखंड्याचा असला तरी तो चाकावर नव्हे तर पुराव्यावर काम करत असतो. दरवाजाच्या पत्र्यावर लांबी क्षम्य आहे, कारण दरवाजा भार पेलत नाही. चाकावर ती भरण्याला कोणतेही समर्थन नाही.

नटांची भोके हा आणखी एक न पाहिला जाणारा भाग आहे. शंकूच्या आकाराचा नट ज्या तिरप्या बैठकीवर बसतो ती बैठक वर्षानुवर्षांच्या कमीजास्त आवळण्याने झिजते, आणि सैल नटावर गाडी काही काळ चाललेली असेल तर भोक गोल न राहता लांबट होते. अशा डिस्कवर कितीही उत्तम रंग चढवला तरी ती नट धरून ठेवणार नाही. चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकावरच्या ज्या भागाला ते जोडलेले असते त्याला, नटांच्या आडव्या ताकदीने लटकून राहत नाही. नट आवळल्याने दोन धातूंची तोंडे एकमेकांवर दाबली जातात आणि त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर चाक टिकते. हे एकदा लक्षात आले की नव्याने रंगवलेल्या चाकांबाबतची एक चमत्कारिक तक्रारही उलगडते. हौसेने चारी बाजूंनी जाड रंग किंवा पावडर कोटिंग चढवलेली चाके थोड्याच दिवसांत सैल पडतात, कारण हबला टेकणाऱ्या तोंडावरचा आणि नटांच्या बैठकीवरचा तो मऊ थर दाबाखाली हळूहळू पसरतो, त्याची जाडी कमी होते आणि त्या प्रमाणात नटाचा ताण ढिला होतो. जाणता रंगारी या जागा झाकून घेतो किंवा तिथे फक्त पातळ थर ठेवतो, आणि चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरांनी नट पुन्हा तपासून आवळायला सांगतो. सुंदर करण्याच्या उत्साहात चाक असुरक्षित करता येते, हे बहुतेक मालकांना कोणी सांगितलेले नसते.

पोलादाबद्दल इतके लिहिल्यावर मिश्रधातूच्या चाकांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण जुनी गाडी म्हणजे आता केवळ पद्मिनी राहिलेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर आलेल्या, अलॉय व्हील घातलेल्या गाड्याही वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. ज्यांना गॅरेजमध्ये अजून मॅगव्हील म्हटले जाते ती ही चाके प्रत्यक्षात ॲल्युमिनियमची असतात. त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशियम मिसळून रस साच्यात ओतला जातो, आणि नंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, पाण्यात झटकन थंड करून, पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवले जाते. या शेवटच्या मंद आचेत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण धातूत सर्वत्र तयार होतात आणि चाकाची बळकटी त्या कणांवर अवलंबून असते. तेव्हा अलॉय चाकाची ताकद जितकी मिश्रणात तितकीच उष्णतेच्या हिशेबात आहे, आणि हा हिशेब बिघडवणे गॅस कटरच्या ज्योतीला काही मिनिटांत जमते. खड्ड्यात आदळून वाकलेली रिम ज्योतीवर तापवून, हातोड्याने किंवा जॅकने सरळ करण्याची रीत महामार्गांच्या कडेला सर्रास आढळते. त्यानंतर चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर गोल फिरते, मालकाचे समाधान होते, आणि तापवलेल्या जागेचा धातू कायमचा मऊ झाला आहे हे कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर घालवलेली पंधरा-वीस मिनिटे त्या मानाने फारशी हानिकारक नसतात, कारखान्यातही चाके अशा भट्टीतून जातातच. पण तापमानावर नियंत्रण नसलेल्या घरगुती भट्ट्यांत तेच चाक वारंवार भाजून काढणे शहाणपणाचे नाही.

ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, त्यामुळे ते गंजतच नाही असा एक गोड समज आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा तयार होऊन आतल्या धातूचे रक्षण होते हे खरे, परंतु मीठ आणि पोलादाचा सहवास या दोन्ही गोष्टी हे रक्षण मोडतात. बॅलन्सिंगच्या वजनाची पोलादी पकड जिथे पारदर्शक लॅकरला ओरखडा पाडते तिथून खारे पाणी आत शिरते आणि लॅकरखाली पांढरट, गांडुळाच्या वाटेसारख्या रेषा पसरत जातात. लेथवर तोंड तासून आरशासारखे चमकवलेल्या, बाजारात डायमंड कट म्हणवल्या जाणाऱ्या चाकांवर हे विशेष दिसते. त्यांचे पुनरुज्जीवन पुन्हा तासूनच करावे लागते, दर वेळी धातूचा एक पातळ थर कायमचा जातो, आणि असे दोन-तीनदा झाल्यावर थांबावे लागते. मग साधा रंग स्वीकारावा, हे उत्तम. तरीही हे सारे चेहऱ्याचे दुखणे आहे. अलॉयची धोकादायक चीर बहुधा रिमच्या आतल्या काठावर, गाडीच्या पोटाकडे असते. तिचा माग काढण्याचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे: स्वच्छ धातूवर लाल रंगाचे पातळ द्रव लावायचे, ते चिरांत मुरू द्यायचे, वरचे पुसून टाकायचे आणि पांढरी भुकटी फवारायची, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. यंत्रशाळांत हे रोजचे काम आहे. चाके रंगवणाऱ्या दुकानांत ते क्वचितच होते, कारण मालक ते मागत नाही. चीर वेल्डिंगने भरून देणारे मात्र मुबलक आहेत, आणि वेल्डिंगची उष्णता भोवतालच्या धातूची सारी कमावलेली बळकटी घालवते हे ध्यानात घेतले तर त्यांना नकार देण्यासाठी वेगळ्या कारणाची गरज उरत नाही. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची निश्चित सुरक्षित मर्यादा नसते ही आणखी एक गोष्ट. त्याच्या खात्यात प्रत्येक फेरा थोडाफार जमा होतच राहतो.

एवढ्या तपासणीनंतर चाक नापास झाले तर बदलणे आले, पण बदलणे म्हणजे नवे घेणे असे जे गृहीत धरले जाते ते जुन्या गाडीला क्वचितच लागू पडते. सर्वसामान्य छोट्या गाडीची पोलादी डिस्क अजून बाजारात नवी मिळते आणि तिची किंमत जुनी डिस्क नीट ब्लास्ट करून, रंगवून घेण्याच्या खर्चापेक्षा फार जास्त नसते. तिथे जुन्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही. पद्मिनीसारख्या गाडीची डिस्क आता कोणी तयार करत नाही. तिच्यासाठी जावे लागते ते कुर्ला-कलिना भागातल्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात, किंवा एखाद्या निवृत्त टॅक्सीवाल्याच्या ओळखीने कोणाच्या तरी माळ्यावर. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या, ज्याचा इतिहास थोडाफार ठाऊक आहे अशा, चाकाच्या जागी दुसऱ्या कोणाच्या, ज्याच्या इतिहासाबद्दल काहीच ठाऊक नाही अशा, चाकाची स्थापना होते. आणि ते दुसरे चाक टॅक्सीचे असेल तर त्याने खासगी गाडीच्या कित्येक पट फेरे घेतलेले असण्याचीच शक्यता अधिक. विकणारा ते चाक विकण्यापूर्वी काळ्या रंगात बुडवून काढतो, तेव्हा नवे म्हणून आणलेले जुने चाकही त्याच तपासणीतून गेले पाहिजे. ही पायरी टाळली जाते, कारण मनाने एकदा बदलण्याचा निर्णय घेतला की आणलेल्या वस्तूकडे संशयाने पाहण्याची इच्छा संपते.

तिसरा मार्ग आधुनिक, मोठ्या, झगमगीत अलॉयचा आहे, आणि तो जितका लोकप्रिय तितकाच अविचाराने घेतला जातो. चाक गाडीला बसते की नाही हे नटांच्या भोकांवरून पाहिले जाते. भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास, ज्याला सगळे गॅरेजवाले पीसीडी म्हणतात, जुळला की काम झाले असे मानले जाते. परंतु हबला टेकणारे तोंड रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, म्हणजेच ऑफसेट किती, यावर बेअरिंगवर येणारा भार, स्टिअरिंगचा जडपणा आणि वळताना टायर मडगार्डला घासेल की नाही हे ठरते. मधले भोक हबवर नेमके बसले नाही तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी ती थरथर जात नाही. जबाबदार निर्माते आपली चाके वळणावरच्या वाकवणाऱ्या भाराच्या, सरळ धावण्यातल्या भाराच्या आणि आघाताच्या चाचण्यांतून काढतात. त्यांच्या पद्धती आयएसओ ३००६ आणि आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकांत दिलेल्या आहेत. नावाजलेल्या चाकांची हुबेहूब नक्कल करून विकल्या जाणाऱ्या स्वस्त चाकांबाबत अशी काही खात्री नसते. ती दिसायला निर्दोष असतात, कारण त्यांचे पृष्ठभागाचे वय शून्य असते, आणि ग्राहक एवढेच वय वाचायला शिकलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधने आहेत.

येथवर प्रश्न अभियांत्रिकीचा होता. पण चाचण्यांत पास झालेले, निरोगी, पण रूप गेलेले चाक समोर असते तेव्हा प्रश्न रुचीचा होतो, आणि तिथे जतनविचाराची मदत घ्यावी लागते. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये वास्तूंच्या जतनाविषयी लिहिताना वयमूल्य नावाची एक कल्पना मांडली: काळाच्या खुणा, झीज, विटलेपण यांतूनच पाहणाऱ्याला जो अर्थ मिळतो तो तिच्यात मोडतो, आणि नवे करून टाकल्याने तो नष्ट होतो. त्याच लेखनात त्याने उपयोगमूल्याचाही विचार केला आहे, आणि जी वस्तू अजून वापरात आहे तिच्यापासून माणसाच्या जिवाला धोका असेल तर वयमूल्याने माघार घ्यावी हेही त्याला मान्य होते. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत हाच विचार वाहनांकडे वळवलेला दिसतो. शक्य तितका मूळ भाग राखावा, हस्तक्षेप कमीत कमी असावा, बदललेले भाग ओळखता यावेत आणि केलेल्या कामाची नोंद राहावी, हा तिचा गाभा आहे. भारतातही केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहने वेगळ्या नोंदणीस पात्र ठरवली, त्यामुळे १९७० च्या दशकातल्या पद्मिनींना मूळ स्वरूप या शब्दांचे वजन आता प्रत्यक्ष जाणवू लागले आहे.

मराठी मनाला हा पेच नवा नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या चरणांची भाविकांच्या स्पर्शाने होणारी झीज थोपवण्यासाठी २०२० मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप करण्यात आला. वज्रलेप ही जुनीच संज्ञा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत असे लेप करण्याच्या कृती दिलेल्या आहेत. झिजलेली मूर्ती बदलून नवी घडवणे हा विचार पंढरपुरात कोणाच्या मनात येणे अशक्य, पण लेप किती द्यावा, त्याने मूळ रूप झाकले तर जात नाही ना, हा वाद मात्र दर वेळी रंगतो. चाकाच्या बाबतीत या वादाचा अर्धाच भाग लागू पडतो. मूर्तीवर लेप चढवताना ती उद्या ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने फिरणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. चाकावरचा लेप मात्र चालत्या वस्तूवरचा लेप आहे, आणि त्या वस्तूवर गाडीत बसलेल्यांचेच नव्हे, तर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या, ज्यांना जुन्या गाड्यांची मुळीच हौस नाही अशांचेही प्राण अवलंबून असतात. त्यामुळे वयमूल्याचा रसिक विचार चाकाजवळ उंबरठ्यावर थांबवावा लागतो, आणि तपासणी झाल्यावरच आत घ्यावा लागतो. एकदा आत घेतल्यावर मात्र त्याला मानाने बसवायला हरकत नाही. थोडा विटलेला मूळ रंग, व्हीलकॅपवरच्या क्रोमातले बारीक टिपके, हातोड्याने सरळ केलेल्या काठावरची एखादी मंद लाट, या गोष्टी कारखान्यातून आल्यासारख्या चकाकणाऱ्या रंगापेक्षा पद्मिनीला जास्त शोभतात, असे मत नोंदवायला हरकत नसावी. निरोगी चाकावर चढवलेला अति-नवा रंग गाडीच्या उरलेल्या अंगाशी भांडतो, आणि मग ते भांडण मिटवण्यासाठी बंपर, मग दरवाजे, मग छत असे सगळेच नवे करत जावे लागते. हा खर्च चाकांच्या रंगाच्या बिलात कुठेही लिहिलेला नसतो.

मोटारीच्या आधीच्या चाकाची संस्कृती या बाबतीत अधिक समंजस होती. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरची लोखंडी धाव हे भाग सुटे ओळखले जात, आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे आहे हे गृहीतच असे. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव ढिली पडे. लोहार ती उतरवून, लहान करून, गोवऱ्यांच्या वर्तुळात लाल तापवून पुन्हा चढवी, आणि पाणी पडताच ती आवळली जाऊन आरे तुंब्यात घट्ट बसत. धाव झिजली तर धाव बदले, आरा मोडला तर आरा, आणि तुंबा चांगला असेल तर तो चाकाच्या अनेक पिढ्या पाही. दुरुस्ती की बदल हा प्रश्न तिथे संपूर्ण चाकाला उद्देशून विचारलाच जात नव्हता. भागाभागाला विचारला जात होता. एका साच्यातून निघालेल्या किंवा वेल्डिंगने एकजीव झालेल्या चाकाने ही सोय काढून घेतली. आता ते पूर्ण राहते किंवा पूर्ण जाते, आणि म्हणूनच त्याचा निवाडा अधिक कसोशीने करावा लागतो.

या निवाड्यात सर्वांत दुर्लक्षित साक्षीदार म्हणजे स्टेपनी. डिकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले पाचवे चाक सहसा फार चाललेले नसते. त्याचे आतले वय चार चाकांच्या मानाने कोवळे असते, आणि डिकीत पाणी साचत नसेल तर त्याच्यावरचा कारखान्याचा रंगही बराचसा शाबूत असतो. चार चाकांना नवा रंग देताना मूळ छटा कोणती होती यावर जे वाद होतात ते या पाचव्यावरून मिटू शकतात, कारण उन्हाने उडालेल्या चार चाकांवरून घेतलेला नमुना नेहमी फिका निघतो. पण घडते असे की पाची चाके एकसारखी दिसावीत म्हणून मालक स्टेपनीही ब्लास्टिंगला देऊन टाकतो, आणि मूळ रंगाचा एकमेव पुरावा वाळूच्या फवाऱ्यात जातो. उत्खननाच्या जागी थोडी माती न खोदता राखून ठेवण्याची शिस्त पुरातत्त्वज्ञ पाळतात, म्हणजे पुढच्या अधिक जाणत्या माणसाला तपासायला काही उरते. त्याच शिस्तीने स्टेपनीचे फक्त टायर बसण्याचे पट्टे, आतली खोलगट बाजू आणि नटांच्या बैठकी साफ करून, गंजरोधक लावून, दर्शनी तोंड जसेच्या तसे राहू द्यावे. एखाद्या चाकाने नापास होऊन जागा रिकामी केली, तर बाजारातल्या अनोळखी डिस्कच्या आधी ती जागा घेण्याचा हक्क याच चाकाचा आहे. मात्र तेव्हाही टायर उतरवून, लाल द्रव आणि पांढरी भुकटी लावूनच.